१६०ची १४५ झाली, तरी डोस कमी झालेला नाही

बाबांची फेनोफायब्रेटची, म्हणजे रक्तातली चरबी कमी करणाऱ्या औषधाची, १६० मिलिग्रॅमची गोळी डॉक्टरांनी १४५ केली आणि दांडिया बाजारातला केमिस्ट म्हणाला, ‘ही नॅनोवाली, जास्त पॉवरची.’ त्यावरून तुम्ही धास्तावलात. काळजी करू नका. औषध तेच आहे आणि रक्तात पोचणारं प्रमाणही जवळपास तेवढंच.

मकरपुऱ्यातल्या कारखान्यात मी २६ वर्षं फॉर्म्युलेशन, म्हणजे औषधाची गोळी घडवायचं काम, केलं, म्हणून जरा खोलात सांगतो. फेनोफायब्रेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. न विरघळलेलं औषध आतड्यातून रक्तात जात नाही, तसंच बाहेर पडतं. म्हणून १६०ची गोळी जेवणाबरोबर घ्यायची. तुपातेलाने पित्त सुटतं आणि त्यात औषध विरघळतं. नॅनोत वाट वेगळी, औषधच अतिशय बारीक दळायचं. खडीसाखर दुधात ढवळत बसावं लागतं, पिठीसाखर टाकताच विरते. १० मायक्रॉनचा (१०,००० नॅनोमीटरचा) कण २०० नॅनोमीटरपर्यंत दळला की तेवढ्याच औषधाचा पृष्ठभाग ५० पट होतो.

हे दळण ओलं असतं. पाण्यात कालवलेलं औषध बारीक मण्यांच्या मिलमध्ये तासन्‌तास फिरवायचं. आधी ते खडूच्या पाण्यासारखं दिसतं, बीकर पाच मिनिटं ठेवला की तळाशी गाळ. दळून झालं की दुधासारखं, रात्रभर ठेवा, खाली बसत नाही. खरी कसोटी त्यानंतर, कारण इतके बारीक कण एकमेकांना चिकटून पुन्हा मोठे व्हायला बघतात. त्यांना सुटं ठेवणारा पॉलिमर नीट जमला नाही तर सगळं दळण वाया. या कामात माझा जीव सगळ्यात जास्त रमायचा तो इथेच.

अमेरिकेत ही १४५ची गोळी २००४मध्ये आली. ती जेवणाआधी, नंतर, कधीही चालते.

‘मग इन्सुलिनची नॅनो गोळी का नाही?’ असंही विचारलंत. इन्सुलिन विरघळतं, तिथे अडचण नाही. पण ते प्रथिन आहे. पाचकरस त्याचे तुकडे करतात आणि जे वाचेल ते आतड्याच्या भिंतीतून जायला फार मोठं. नॅनोकणांत बंद करून नेण्याचे प्रयोग पुष्कळ झालेत. पण आज थोडं शोषलं, उद्या जास्त, असं इन्सुलिनच्या बाबतीत चालतच नाही, साखर एकदम खाली जाईल. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी अशी कॅप्सूल विकत असेल तर तिच्या भरवशावर इंजेक्शन मुळीच बंद करू नका.

आणि आजच एक बघा. १६०ची उरलेली स्ट्रिप संपवायची म्हणून बाबा दोन्ही गोळ्या घेत नाहीत ना? घेत असतील तर जुनी बाजूला काढा आणि डॉक्टरांना फोन करा.