गिअरबॉक्स बदलल्यावर खडखड येतेय? बॉक्स पुन्हा खाली घेण्याआधी हे बघा

थांबा, एवढ्यात बॉक्स उतरवायला लावू नका. तुम्ही सांगितलेलं आधी नीट मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज असेल तर कळेल. जुना मॅन्युअल गिअरबॉक्स गेला, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीतला आणून बसवला. गिअर सगळे छान पडतात. पण न्यूट्रलमध्ये गाडी उभी असली की खडखड येते, क्लच दाबला की ती कमी होते. शिवाय 1800 आरपीएमच्या आसपास पत्रा वाजल्यासारखा आवाज येतो आणि 2200 च्या वर गेलं की तो नाहीसा होतो. मेकॅनिक म्हणतो, 'बॉक्सच खराब निघाला, दुसरा बघू.'

मला तरी हे दोन वेगळे आवाज वाटतात. दोन्ही एकाच दिवशी सुरू झाले म्हणून दोघांचं मूळ एकच, असं नसतं. त्या दिवशी गाडीखालचं निम्मं सामान सुटलं होतं.

पहिला आवाज घेऊ. 'क्लच दाबला की बंद होतो, म्हणजे गिअरबॉक्स' या हिशेबाने कित्येक चांगले बॉक्स भंगारात गेलेत. क्लच पूर्ण दाबला की बॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनची फिरकी बॉक्समध्ये आणणारा दांडा) फिरायचा थांबतो, त्यामुळे आतल्या गिअरचे दात एकमेकांवर आपटायचे थांबतात, हे खरंच आहे. पण त्याच वेळी क्लचचा फोर्क (पेडलच्या जोराने रिलीज बेअरिंग ढकलणारा काटा) ताणला जातो आणि ते बेअरिंग प्रेशर प्लेटला, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाला, घट्ट टेकतं. म्हणजे फोर्क किंवा बेअरिंग सैल बसून वाजत असेल, तर तेही याच क्षणी गप्प होणार.

दोघांना वेगळं करायला हत्यार लागत नाही. इंजिन गरम, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. खिडकी उघडा आणि क्लच पेडलवर पाय नुसता ठेवा, जेवढी मोकळी चाल असते तेवढीच घ्या. पेडल जड लागायला लागलं की थांबा. या अवस्थेत क्लच अजून सुटलेला नाही, शाफ्ट फिरतोच आहे. तरीही खडखड थांबली, तर गिअर निर्दोष. फोर्क, त्याची क्लिप, त्याचा टेकू किंवा रिलीज बेअरिंग यांत शोधा. आवाज तसाच राहिला आणि पेडल पार खाली गेल्यावरच थांबला, तर मात्र शाफ्ट आणि गिअरकडे बोट जातं. केबलच्या क्लचवर ही परीक्षा फार स्वच्छ उत्तर देते. हायड्रॉलिकवर (तेलाच्या दाबाने चालणाऱ्या क्लचवर) बेअरिंग बहुतेक वेळा टेकलेलंच असतं, मोकळी चाल जवळजवळ नसते, तिथे तेवढा भरवसा ठेवू नका.

गिअरकडे बोट गेलं म्हणजे गिअर खराब, असंही नाही बरं का. चार सिलिंडरचं इंजिन 800 आरपीएमला सेकंदाला साधारण 27 धक्के देतं. ते धक्के गिळायचं काम फ्लायव्हीलचं (इंजिनच्या टोकाचं जड चाक) आणि क्लच प्लेटमधल्या स्प्रिंगांचं. ड्युअल मास (दोन भागांचं) फ्लायव्हील असलेल्या गाडीत स्प्रिंगा फ्लायव्हीलमध्येच असतात, म्हणून तिथली प्लेट बऱ्याचदा बिनस्प्रिंगची असते. तीच प्लेट साध्या, एकसंध फ्लायव्हीलवर चढवली तर धक्के थेट बॉक्समध्ये जातात आणि चांगला बॉक्सही खुळखुळ्यासारखा वाजतो. म्हणून मेकॅनिकला विचारा: फ्लायव्हील जुनंच आहे का, आणि प्लेट कुठली टाकली? घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर अॅक्सिलरेटर किंचित दाबून 1100 पर्यंत न्या. आवाज पुष्कळ विरला तर हे दातांचं वाजणं आहे, बेअरिंगची घरघर नाही. खराब बेअरिंग रेझ (इंजिनचा वेग) वाढवली की विरत नाही, उलट सूर चढवतं.

तेलाची पातळीही बघा. गाडी सपाट जागी उभी हवी, इंजिन बंद. बहुतेक बॉक्समध्ये बाजूचा लेव्हल प्लग काढला की तेल भोकाच्या खालच्या काठाला लागलेलं असतं. बसवताना तेल कमी भरलं जाणं अजिबात दुर्मिळ नाही. आवाज दाबायला जाड तेल ओतायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, पुस्तिकेत लिहिलंय तेच टाका.

आता 1800 चा आवाज. याच्याबद्दल मी जास्त ठामपणे बोलतो, कारण मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. माझ्या गाडीचा बॉक्स बदलल्यावर असाच ठरावीक रेझला किणकिणाट यायचा. मी बॉक्स पुन्हा उतरवून घेतला, बेअरिंग हाताने फिरवून बघितली, काही सापडलं नाही, परत चढवला. आवाज होता तिथेच. शेवटी तिसऱ्या वेळी खालून बॅटरी मारली तेव्हा इंजिन आणि बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणारं बॉक्सचं कवच) मधल्या पातळ पत्र्याच्या कव्हरवर नखाएवढी चकचकीत रेघ दिसली. बाकी पत्रा काळा, मळकट, आणि ती रेघ नव्या भांड्यासारखी. बॉक्स चढवताना पत्र्याचा कोपरा दुमडला होता आणि थरथरला की फ्लायव्हीलला घासत होता. पक्कडीने सरळ केला, दोन मिनिटांत काम झालं.

ठरावीक रेझलाच येऊन पुढे नाहीसा होणारा आवाज बहुतेकदा एखाद्या सैल, हलक्या वस्तूचा असतो. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीला 1800 रेझ देऊन बघा. तसाच आला तर एक्सल, चाकं, सस्पेन्शन यादीतून बाद. मग इंजिन बंद करून, सायलेन्सर पूर्ण गार झाल्यावर, पाइपवरच्या हीट शिल्डवर (उष्णता अडवणाऱ्या पत्र्यांवर) बुक्की मारत जा. त्यातलं एखादं नेमकं तसंच वाजेल. त्याचे बोल्ट गंजून तुटलेले असतात आणि बॉक्स उतरवताना सायलेन्सर हलवला की उरलासुरला आधारही जातो. मोठी होज क्लिप गुंडाळून आवळली की पुरते. सायलेन्सरचे रबर हँगर आणि गिअर लिव्हरच्या लिंकेजचे बुशही हलवून बघा. लिव्हरवर हात ठेवल्यावर आवाज थांबत असेल तर दुसरीकडे शोधूच नका.

उभ्या गाडीत येत नाही, चढावर किंवा पिकअप घेतानाच येतो, असं असेल तर माउंटिंग, म्हणजे इंजिन आणि बॉक्सला बॉडीवर धरणारे रबरी आधार. इंजिन लोडखाली झुकतं आणि काहीतरी बॉडीला टेकतं. माउंटिंगचे बोल्ट बॉक्स लटकत असताना आवळले असतील तर रबर पिळलेलं राहतं. ते सैल करून, इंजिन थोडं हलवून स्वतःच्या जागी बसू द्यायचं आणि मग आवळायचं.

गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर नाही, स्टँड लावूनच. इंजिन चालू असताना खाली डोकं घालू नका, आवाज वरूनच ऐका. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक केसिंगला लावून ऐकता येतं, फक्त बेल्ट आणि पंख्यापासून लांब राहून.

हे सगळं करूनही बॉक्स उतरवायची वेळ आलीच, तर समोर उभे राहा आणि दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. इंजिन आणि बेल हाउसिंगच्या मधल्या डॉवेल पिना (दोघांना नेमकं एका रेषेत बसवणाऱ्या) जागेवर आहेत का? त्या जुन्या बॉक्सबरोबर गेल्या असतील तर नुसत्या बोल्टांनी शाफ्ट मधोमध बसत नाही, कारण बोल्टांची भोकं सैलच असतात. दुसरं, फोर्कला रिलीज बेअरिंग धरून ठेवणारी तारेची क्लिप. नव्या बेअरिंगच्या खोक्यात ती असेलच असं नाही, आणि जुनी ट्रेमधल्या तेलात पडून राहते.