जळिताच्या ड्रेसिंगला पहिल्यांदा हात लावताना

मलम कोणतं हे डॉक्टर ठरवतील. तू आधी जखम धुवायला शीक. सिल्व्हर सल्फाडायझिन हे जळितावरचं जंतुरोधक मलम लावलं की दुसऱ्या दिवशी वर पिवळट-करडा, चिकट थर दिसतो. नवीन मुलं त्यालाच पू समजून घाबरतात. बहुतेकदा तो मलमाचाच असतो. हलक्या हाताने धुऊन काढ, मग खालची जखम नीट बघ. जुन्या थरावर नवं मलम थापणं ही नेहमीची चूक.

- सल्फा गटातल्या औषधांची ॲलर्जी आहे का ते विचार. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर हे मलम नाही.
- लिहून दिलेलं वेदनाशामक आधी दे आणि लागू पडू दे. घाई इथेच नडते.
- दीड मिलिमीटरचा थर पुरे.

ताप आला किंवा कडेची लाली पसरली तर मलम वाढवू नकोस, लगेच कळव. मॅफेनाइड या जळितावरच्या दुसऱ्या मलमाचं नंतर बघू.