लाहौलमधल्या जुन्या घराला लातूरहून ॲल्युमिनियमच्या खिडक्या करून नेल्या तर चालतील का?

नेऊ नका.

उत्तर एवढंच आहे. पुढचं सवडीनं वाचा, कारण हा विषय आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

तुम्ही लिहिलंय की हिमाचलातल्या केलाँगच्या अलीकडं होमस्टेसाठी दगड-मातीचं जुनं घर भाडेकरारानं घेतलंय, देवदाराच्या खिडक्यांतून वारं शिरतं, आणि लातूरचा एक फॅब्रिकेटर म्हणतोय, ‘थ्री ट्रॅक स्लायडिंग, डबल काच, टेम्पोनं जागेवर पोच, डोळे झाकून घ्या.’ हे वाक्य मी आधी ऐकलंय. तुमचा फॅब्रिकेटर म्हणजे माझे दाजी नसावेत, आणि असले तरी मी लिहितोय ते त्यांनी वाचावंच.

मी औश्याकडचा सुतार. आजा वाड्यांची दारं करायचा, वडिलांनी सागाच्या चौकटी केल्या. माझ्या वाट्याला आली दुरुस्तीची कामं आणि दाजींच्या दुकानातली फिटिंग. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला आणि हिवाळ्यात रोहतांग खिंडीमुळं तुटणारं लाहौल बारमाही झालं. मग आमच्याकडच्या पोरांनाही तिकडं घरं घ्यायची हौस आली. बहिणीच्या गावच्या एका पोरानं असंच घर घेतलं आणि खिडक्यांचं काम दाजींना दिलं. दुकानातली पोरं एवढ्या लांब जायला तयार होईनात, म्हणून टेम्पोबरोबर मला पाठवलं.

निघायच्या आधीच मी म्हणालो होतो, “दाजी, तिकडं बर्फ असतंय. खालच्या ट्रॅकमधी पाणी गोठलं की पल्ला हलत नसतोय. आन् ह्या बंद डबल काचा इतक्या उंचावर टिकतेत का, इचारा की कुणाला तरी.”

दाजी म्हणाले, “आरं, खिडकी ती खिडकीच असतीया. लातूर काय आन् हिमालय काय. तू मला काय शिकवायलास?”

आता काचेचं ऐका, कारण हे फार कमी फॅब्रिकेटर सांगतात. डबल काच म्हणजे दोन काचांच्या कडेला स्पेसर, म्हणजे पोकळ पट्टी लावून मध्ये हवा कोंडलेली असते. ती हवा कोंडली जाते कारखान्यात, कारखान्यातल्या दाबाला. लातूर समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास, केलाँग ३,१०० च्या जवळपास. एवढं चढलं की बाहेरच्या हवेचा दाब जवळजवळ पाव भागानं कमी होतो. आतली हवा मात्र लातूरचीच. ती दोन्ही काचांना बाहेर ढकलते. मनालीच्या घाटात वेफर्सचं पाकीट फुगतं ना, तसंच, फक्त काच पाकिटासारखी ताणत नाही. मोठ्या काचा थोड्या वाकून दाब रिचवतात. छोट्या, अरुंद काचा ताठ असतात, त्यांना वाकता येत नाही, म्हणून आधी त्याच जातात. आमच्या टेम्पोत बाथरूमची काच बोगद्याच्या अलीकडंच तडकली. मोठ्या तगल्या, पण उभ्या केल्यावर त्यांत समोरचा डोंगर पोटातून फुगलेला दिसत होता. पुढच्या हिवाळ्यात त्यातल्या काहींची कडेची सील सुटली आणि दोन काचांच्या मध्ये धुकं धरलं. ते धुकं पुसता येत नाही, काचच बदलावी लागते.

याला उपाय आहे आणि तो जुना आहे. काच बनवतानाच स्पेसरमध्ये केसासारखी बारीक नळी ठेवायची, म्हणजे चढताना आतला-बाहेरचा दाब सारखा होत जातो. नळी ठेवली की मध्ये आरगॉन वायू भरण्यात अर्थ नाही, तो हळूहळू निघून जातो, साधी हवाच ठेवायची. नाहीतर ज्या उंचीवर बसवायची तिथल्या दाबाचा हिशेब धरून काच बनवून घ्यायची. तुमच्या फॅब्रिकेटरला एवढंच विचारा, ‘काचेत नळी आहे का?’ तो हसला तर समजून जा. दाजी हसले होते.

स्लायडिंगबद्दल माझं मत कडक आहे. आपल्याकडं स्लायडिंग चांगली, मी स्वतः शेकड्यानं बसवलीय. मे महिन्यात लातूरच्या घरात वारं आलं पाहिजे, ब्रशच्या फटीतून थोडं जास्त आलं तर कुणी तक्रार करत नाही. पण पल्ला सरकायचा तर फट लागतेच, ती फक्त केसाळ पट्टीनं झाकलेली असते. लाहौलच्या वाऱ्यात भुकटीसारखं बर्फ त्या पट्टीतून आत येतं. खालच्या ट्रॅकमध्ये वितळतं, रात्री गोठतं, पाणी जायची भोकं बर्फानं बुजतात आणि सकाळी पल्ला सिमेंटात रोवल्यासारखा घट्ट. तिथं बिजागरीची, आत उघडणारी झडपच पाहिजे. ती बंद करताना रबराच्या गॅस्केटवर दाबून बसते आणि तीन ठिकाणी कुलपणारा हँडल लावला की वारं थांबतं. बाहेर उघडणारी नको. बर्फ साचल्यावर ढकलणार कशी? आणि पत्र्यावरून बर्फाचा थर घसरला तर झडप घेऊनच खाली जातो. दाजींनी तर तिसरा ट्रॅक मच्छरदाणीचा दिला होता. लाहौलमध्ये, जानेवारीत.

ॲल्युमिनियमचं तर विचारूच नका. लाकडापेक्षा हजारेक पट जास्त उष्णता त्यातून वाहते. डबल काच लावून उष्णतेची गळती एका काचेच्या निम्म्यावर आणायची आणि चौकट अशी घ्यायची की जी आतून बर्फासारखी गार पडेल, मग पैसे कशाला घातले? खोलीतली वाफ, श्वासाची, चहाची, भिजलेल्या कपड्यांची, त्या चौकटीवर पाणी होऊन बसते आणि रात्री त्याचं बर्फ होतं. त्या पोरानं जानेवारीत व्हिडिओ कॉल केला तेव्हा पडद्याची कड चौकटीला चिकटून गोठली होती. ओढला तर फाटला.

यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकची चौकट, यापेक्षा बरं, पण तेही इथून करून नेऊ नका. दोन मीटरची पट्टी मे महिन्यात चाळीस अंशांत कापली आणि ती उणे पंधरात गेली, तर सात-आठ मिलिमीटर आखडते. मापं त्या थंडीचा विचार करून घ्यायची असतात, आत स्टील असावं लागतं, आणि उंचावरचं ऊन कडक असतं. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. हलका माल पिवळा पडून ठिसूळ होतो. मनाली-कुल्लूकडं ही कामं रोज करणारे लोक आहेत, त्यांच्याकडून घ्या. काच फुटली तर लातूरहून कोण येणार आहे? मी तर नाही.

आता तुमच्या जुन्या खिडक्यांकडं येऊ. खरं म्हणजे तुम्ही हाच प्रश्न विचारायला हवा होता.

त्या घरात शिरलो आणि वर बघितलं तर धाब्याचं छत. लाकडी तुळया, वर काटक्या, वर माती. आमच्या माळवदाचा भाऊच. पाऊसही आपल्यासारखाच पर्जन्यछायेतला, कमी. पण मी किल्लारीच्या पट्ट्यातला माणूस, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मातीत रचलेल्या दगडी भिंती कशा बसतात ते आम्ही बघितलंय, आणि हिमालय तर भूकंपाचाच मुलूख. अशा भिंतीत चौकट आणि तिच्यावरची तुळई मिळून वरचा दगड पेलत असते. ती चौकट कटर लावून काढली आणि आत पोकळ ॲल्युमिनियम बसवलं, तर वरचं ओझं कुणी धरायचं? आधी टेकू न देता जुनी चौकट हलवू नका. बाहेरच्या माणसाला हिमाचलात शेतजमीन सहजी घेता येत नाही, तिथल्या जमीन कायद्याचं ११८ कलम आडवं येतं, म्हणून तुमचा भाडेकरार. म्हणजे चौकटही मालकाचीच. त्याला विचारल्याशिवाय काढलीत तर करार संपताना भांडण पक्कं.

तिथला म्हातारा मिस्त्री आणि मी मिळून दोन खोल्यांच्या खिडक्या वाचवल्या, कारण तडकलेल्या काचेमुळं आणि एक चौकट वाकडी आल्यामुळं माल कमी पडला. देवदार कुठं कुजलं नव्हतं. आम्ही उदबत्ती पेटवून चौकटीभोवती फिरवली. धूर जिथं हलला तिथं खडूनं खूण केली. बहुतेक वारं काचेतून नाही, चौकट आणि भिंतीच्या सांध्यातून येत होतं. तो सांधा भरला. झडपा रंध्यानं सारख्या करून रबर लावलं. मग त्याच चौकटीत आतल्या बाजूनं दुसरी झडप बसवली, मध्ये चार बोटं जागा ठेवून. आतली झडप घट्ट आणि बाहेरची किंचित सैल ठेवायची, हा बारकावा मिस्त्रीनं सांगितला. उलटं केलं तर खोलीतली वाफ मध्ये अडकून बाहेरच्या काचेवर बर्फ धरतो. या दोन झडपांत हवा कोंडलेली नसते, म्हणून उंचीचा प्रश्नच येत नाही. साधी काच चालते.

हिवाळ्यात पाहुणे त्या दोनच खोल्या मागू लागले. मी बढाई मारत नाही, तो पोरगाच सांगतो.

आणि दाजी काय म्हणाले? “फिटिंग चुकलं.” माझ्या ओळंब्याला! भाचीच्या लग्नात, चार पाहुण्यांत बसून, “माल एक नंबर होता, लावणारा कच्चा निघाला.” बहिणीकडं बघून गप्प बसलो. दाजी, चौकट एका सुताच्याही फरकानं वाकडी बसवली असेल तर दाखवा. काच तडकली तेव्हा ती टेम्पोत होती, मी तिला हातही लावलेला नव्हता.

दारांचं तुम्ही एका ओळीत विचारलंय, मीही थोडक्यात सांगतो. मुख्य दार आत उघडणारं, उंबरठा चांगला उंच, खाली रबर, आणि जमलं तर आत दुसरं दार करून मध्ये बूट काढण्यापुरती जागा. एक बंद केल्यावरच दुसरं उघडायचं. लोखंडी दार नको, आतून घाम फुटतो त्याला.

दिशा बघा. दक्षिणेकडं मोठी काच चालते, फायद्याचीच आहे. लडाखात लोक दक्षिणेला काचेची खोली काढतात, लेहजवळ फे गावात सेकमॉल या शिक्षणसंस्थेच्या इमारती उन्हावरच उबदार राहतात. उत्तरेची खिडकी लहान ठेवा, रात्री जाड पडदा. काचेवर लेप असलेली घेणार असाल तर ऊन अडवणारा लेप नको. आपल्याकडं दुकानदार तोच विकतात, कारण आपल्याला ऊन नको असतं.

काम जून ते सप्टेंबरात उरका. पाच अंशांखाली फटी भरायचा साधा फोम नीट फुगत नाही.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती, ती आता सांगतो. सगळ्या फटी बुजवल्या आणि खोलीत लाकडाचा तंदूर, म्हणजे खोली गरम करायची शेगडी पेटवली, तर हवा कुठून येणार? धुराडं तुंबलं किंवा हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. तंदूरसाठी बाहेरून हवा यायला वेगळी नळी ठेवा, ती कधी बुजवू नका, आणि प्रत्येक खोलीत त्या वायूचा अलार्म लावा. पाहुणे झोपणार आहेत तुमच्याकडं, इथं काटकसर करू नका.

न्यायानं बोलायचं तर थर्मल ब्रेकचं ॲल्युमिनियमही मिळतं. आतला आणि बाहेरचा धातू मध्ये पॉलिअमाइडची पट्टी घालून तोडलेला असतो, ते थंडीत चांगलं चालतं. महाग आहे. पण ‘थ्री ट्रॅक, डोळे झाकून’ म्हणणाऱ्याकडं ते नसतं.

भाव मला विचारू नका, तिकडचे दर तिकडंच कळतील. घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे आणि भिंत किती जाड आहे ते कळवा, आतल्या झडपेचं माप कसं घ्यायचं ते सांगतो. लातुरात आगाऊ रक्कम दिली असेल तर परत मागा. देत नसेल तर तेवढ्या पैशाच्या खिडक्या इकडच्या घराला लावून घ्या, मच्छरदाणीच्या ट्रॅकसकट. इकडं डास आहेत.