पाटण्याचे शहामृग

प्रश्न : चाळीसगावजवळच्या पाटणे गावात शहामृगाच्या अंड्यांची कवचं निघाली होती, असं माझे सासरे सांगतात. घरात कुणाचा विश्वास बसत नाही. आपल्याकडे खरंच शहामृग होते, की कुणी लांबून मणी आणले असतील? – एक वाचक, जळगाव

उत्तर : आधी सासऱ्यांना चहा करून द्या, ते बरोबर सांगताहेत. १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी पाटण्याला उत्खनन केलं, तेव्हा अश्मयुगीन थरांत ही कवचं मिळाली. कार्बन पद्धतीने वय निघालं सुमारे २५ हजार वर्षं. काहींचे मणी केलेले होते. एका तुकड्यावर तर समांतर रेषा आणि त्यांच्यामध्ये आडव्यातिडव्या रेघा कोरल्या आहेत. मला विचाराल तर खानदेशातला सगळ्यात जुना दागिना-कारागीर पाटण्याचाच.

इतर ठिकाणच्या कवचांवरही 'नक्षी' सापडल्याचे दावे झाले. प्राचीन शैलकलेचे अभ्यासक रॉबर्ट बेडनारिक यांनी ती तपासली आणि बहुतेक ओरखडे निसर्गानेच काढल्याचं सांगितलं. पाटण्याची नक्षी मात्र माणसाचीच, हे त्यांनाही मान्य.

आता लांबून आणल्याची शंका. नुसते मणीच मिळाले असते तर ती रास्त होती. पण राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात अनेक ठिकाणी कवचांचे बिनकामाचे तुकडेही पडलेले आहेत. एवढा कचरा कोण कशाला वाहून आणेल? पक्षी इथेच होता. कोंबडीच्या अंड्याचं कवच अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतं, शहामृगाच्या अंड्याचं सुमारे दोन मिलिमीटर. म्हणून तर त्याला भोक पाडून, कडा घासून मणी करता यायचा.

जात कुठली, हा प्रश्न जरा गुंतागुंतीचा. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांतल्या हाडांवरून फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मिल्न-एडवर्ड्स यांनी १८७१ साली 'स्ट्रुथिओ एशियाटिकस' ही नामशेष जात नोंदवली, पण ती हाडं आपल्या कवचांपेक्षा कितीतरी जुनी. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी राजस्थान-मध्य प्रदेशातल्या कवचांतून डीएनए मिळवला, तो आजच्या आफ्रिकी शहामृगाशी जवळचा निघाला. त्यामुळे सरसकट सगळ्या कवचांवर ते शिवालिकचं नाव चिकटवणं मला पटत नाही.

तिकडे कधी नदीकाठी जाडसर, पिवळट कवच दिसलं तर उचलू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. उचललं की ते कुठल्या थरातलं, हे सांगायला कुणी उरत नाही.