यशया 48:16 मध्ये त्रैक्य दिसतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बायबल अभ्यासात सांगितलं गेलं की यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात 48:16 मध्ये पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा तिघेही आहेत, म्हणजे त्रैक्य (तीन व्यक्तींत एकच देव) दिसतं, पण यहुदी वाचक म्हणतात की तिथे नुसता संदेष्टा बोलतोय. मग खरं काय?

आधी वाक्यच बघू. हिब्रूत शेवटचा तुकडा असा आहे: 'वेअत्ता अदोनाय यहवे शेलाहनी वेरुहो'. शब्दाला शब्द लावला तर 'आणि आता प्रभू यहवे, पाठवलं मला, आणि त्याचा आत्मा'. 'शेलाहनी'तला 'नी' म्हणजे 'मला'. गोची 'वेरुहो'ची आहे, कारण त्याला विभक्ती नाही. मराठीत मात्र 'ने' किंवा 'ला' लावल्याशिवाय सुटका नाही: 'परमेश्वराने व त्याच्या आत्म्याने मला पाठवलं' की 'परमेश्वराने मला व आपल्या आत्म्याला पाठवलं'? निश्चित कर्माआधी हिब्रूत सहसा 'एत' येतो. तो इथे नाही, पण काव्यात तो सर्रास गळतो, तेव्हा त्यावरून निकाल लागत नाही.

खरा वाद 'मला' म्हणणारा कोण, हा. 48:12-13 मध्ये बोलणारा म्हणतो की मीच आदी, मीच अंत, माझ्या हाताने पृथ्वीचा पाया घातला. तोच 16 मध्येही बोलत असेल, तर उत्पन्नकर्ताच पाठवला जातोय, आणि ख्रिस्ती वाचकाला तिथे पुत्र दिसतो. पण यशयात सूचना न देता वक्ता बदलणं नेहमीचंच आहे. सोळाव्या शतकातला ख्रिस्ती धर्मसुधारक जॉन कॅल्विन यानेही इथे संदेष्टाच बोलतोय असं मानलं. म्हणून हे वचन हुकमाचं पान म्हणून टाकू नका. समोरचा जाणकार असेल तर तिथेच अडकाल.

त्यापेक्षा यशया 61:1 पासून सुरुवात करा: प्रभू परमेश्वराचा आत्मा माझ्यावर आहे, कारण त्याने मला अभिषेक केला आहे. 'माशियाह' म्हणजे मसीहा, आणि तो शब्द इथल्याच 'माशाह' (अभिषेक करणे) या क्रियापदातून येतो. दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या ख्रिस्ती धर्मगुरूने नेमकं हेच धरलं: 'ख्रिस्त' या एका नावातच अभिषेक करणारा, अभिषेक झालेला आणि अभिषेक स्वतः, असे तिघे आले. इथेही वक्ता संदेष्टा असू शकतो, हे कबूल. पण लूक 4 प्रमाणे येशूने नासरेथच्या सभास्थानात हाच भाग वाचला, 'सूडाचा दिवस' या शब्दांच्या अलीकडे थांबला आणि आज हे पूर्ण झालं म्हणाला. म्हणजे ख्रिस्ती वाचनाचा आधार कुठे आहे ते लपत नाही: नव्या करारातून मागे वळून पाहिलं की छाया ओळखू येते. नुसत्या यशयावरून निकीयाचा विश्वासांगीकार (त्रैक्यावरच्या विश्वासाचं चौथ्या शतकातलं अधिकृत विधान) कोणी मांडू शकणार नाही, आणि तसा दावा करायची गरजही नाही.

आत्मा म्हणजे निव्वळ शक्ती नाही, हे दाखवायला 63:10 उत्तम. लोकांनी बंड करून 'त्याच्या पवित्र आत्म्याला' दुःख दिलं, असं तिथे आहे, आणि शक्तीला दुःख होत नाही. हा शब्दप्रयोग अख्ख्या हिब्रू शास्त्रात तीनदाच येतो: इथे, पुढच्या 11 व्या वचनात आणि स्तोत्र 51 मध्ये. मात्र आदल्या वचनातल्या 'त्याच्या मुखाच्या दूता'ला पुत्र म्हणताना जपून. प्राचीन ग्रीक भाषांतरात तिथे उलटाच अर्थ आहे: कुणी दूत नव्हे, परमेश्वराने स्वतःच त्यांना तारलं.

6:3 मधलं 'पवित्र, पवित्र, पवित्र' सगळ्यांना आवडतं, पण पुरावा म्हणून कच्चं. हिब्रूत तीनदा म्हणणं ही जोर देण्याची रीत आहे. यिर्मया 7:4 मध्ये 'परमेश्वराचं मंदिर' तीनदा येतं, तिथे तीन मंदिरं कोणी मोजत नाही. 6:8 मधलं देवाचं 'आमच्यातर्फे कोण जाईल?' अधिक विचार करायला लावतं, तरी यहुदी परंपरा त्यात देवदूतांची स्वर्गीय सभा वाचते.

आणि देव 'एक' आहे म्हणताना येणारा हिब्रू शब्द 'एहाद' म्हणजे अनेकांची मिळून संयुक्त एकता, हा मुद्दा सोडूनच द्या. यहेज्केल 33:24 मध्ये अब्राहामालाही 'एहाद' म्हटलंय, आणि तो एकटाच माणूस होता.