जुन्या बाजारातून घेतलेली जपानी सुरी: २७ सेंमी अरुंद पातं, एकाच बाजूने धार, मुठीजवळ जपानी अक्षरं. कोणती आहे? पोलाद चांगलं आहे का?

ही यानागिबा, म्हणजे कच्च्या माशाचे काप काढायची सुरी. पोलादाचा अंदाज अक्षरांपेक्षा पात्यावरूनच नीट येतो. कारण कोरलेलं नाव बहुधा विक्रेत्याचं किंवा छापाचं असतं, लोहाराचं असेलच असं नाही. पोलादाची जात लिहिलेली असेल तर ती बहुतेकदा शिरोगामी (जवळपास शुद्ध कार्बन पोलाद) किंवा आओगामी (त्यात क्रोमियम आणि टंगस्टन) असते.

आधी गंज साफ करा. मग:

- कापलेला कांदा पात्यावर घासून दहा मिनिटं थांबा. करडे-निळे डाग पडले तर कार्बन पोलाद. लोहचुंबकाचा उपयोग नाही, स्वयंपाकाच्या बहुतेक स्टेनलेस सुऱ्याही त्याला चिकटतात.
- १००० ग्रिटच्या (खरखरीतपणाचा आकडा) पाण्याच्या दगडावर पात्याचा धारेकडचा उतार हलक्या हाताने घासा. धारेलगत चकचकीत पट्टा आणि वर धुरकट भाग दिसला तर मऊ लोखंडावर कडक पोलाद जोडलेलं आहे. असे दोन वेगळे भाग दिसले नाहीत तर पातं एकसंध असू शकतं.
- टाचेजवळ (पात्याच्या मुठीकडच्या टोकाशी) चांगली बारीक कानस हलकेच फिरवा. घसरली तर कडकपणा शाबूत आहे. चावली तर पातं मऊ आहे, कदाचित कुणीतरी ग्राइंडरवर तापवून पाणी उतरवलेलं.

सगळ्यात आधी मात्र मागची खोलगट बाजू बघा. तिथे धारेपाशी गंजाचे खोल खड्डे असतील तर उत्तम पोलादाचीही धार प्रत्येक खड्ड्यापाशी तुटत राहते. आणि शिरोगामी की आओगामी, हे या घरगुती चाचण्यांतून कळत नाही.