मेबल नॉर्मंड बघ, पण आधी ॲग्रीमेंट वाच

अगं ए पोरी,

तुझा तो भलामोठा मेसेज वाचला. म्हणजे स्केच तू लिहिणार, कॅमेरा कुठे लावायचा ते तू सांगणार, एडिटला रात्र रात्र तू बसणार आणि व्हिडिओवर नाव त्या मुलाचं, का तर फॉलोअर्स त्याचे जास्त. आणि वर मलाच विचारतेस, ताई मी फक्त ॲक्टिंगवर लक्ष देऊ का म्हणून. नाही, अजिबात नाही. का ते सांगायला मेबल नॉर्मंडपासून सुरुवात करावी लागेल, तेव्हा चहा घेऊन बस.

मूकपटातली कॉमेडी म्हटलं की आपल्याला चॅप्लिन आठवतो, फार तर कीटन. मेबलचं नाव तू ऐकलंही नसशील, त्यात तुझा दोष नाही. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरची, १८९२ चा जन्म, घरची परिस्थिती बेताचीच, मिसरूड न फुटलेली पोरं ज्या वयात गल्लीत गोट्या खेळतात त्या वयात ही चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून तासन्‌तास बसायची, चार्ल्स डाना गिब्सनसारख्या बड्या माणसासमोरसुद्धा. तिथून सिनेमात गेली, बायोग्राफ कंपनीत, आणि १९१२ ला डायरेक्टर मॅक सेनेटची कीस्टोन ही विनोदी सिनेमांची कंपनी निघाली तेव्हा त्याच्याबरोबर लॉस एंजेलिसला. पाण्यात सूर मार, चिखलात लोळ, गाडी पळव, सगळं स्वतः. (आपल्याकडे त्याच सुमाराला, १९१३ मध्ये, फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंक्यांना साडी नेसवावी लागली होती.)

आणि १९१४ मध्ये, एकवीस वर्षांची असताना, ही बाई डायरेक्ट करत होती. नुसतं नावाला नाही. 'मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट' बघ, चॅप्लिननं तो ढगळ पँटवाला भटक्या पहिल्यांदा ज्या शूटिंगला केला तो हा सिनेमा, आणि डायरेक्टर मेबल. थिएटरात त्या भटक्याचा दुसरा सिनेमा दोनच दिवस आधी लागला म्हणून पहिला म्हणून त्या सिनेमाचं नाव पुढे येतं, ते जाऊ दे.

आता तुझ्या कामाचा किस्सा. 'मेबल ॲट द व्हील'चं शूटिंग चालू होतं, डायरेक्टर तीच, आणि चॅप्लिननं एक गॅग सुचवला, की मी रस्त्यावर पाणी मारतोय, पाय पाइपवरच पडतो, पाणी थांबतं, मी पाइपच्या तोंडात डोकावतो, पाय उचलतो आणि फस्सकन पाणी तोंडावर. मेबल म्हणाली वेळ नाही. हा गडी रुसून रस्त्याच्या कडेला जाऊन बसला आणि काम करायला नाही म्हणाला, शेवटी सेनेटला मध्ये पडावं लागलं. हे त्यानं स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय, आणि तेव्हापासून सगळे हा किस्सा त्याच्याच बाजूनं सांगतात, बिचारा जिनियस आणि ती कालची पोर. मी मात्र मेबलच्या बाजूची आहे. युनिट ताटकळतंय आणि गॅग कुठला, तर सिनेमाची सुरुवात करणाऱ्या फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंनी १८९५ मध्येच करून दाखवलेला! नाही म्हणणं हे डायरेक्टरचं कामच आहे गं. आणि गंमत म्हणजे लगेच पुढे 'कॉट इन अ कॅबरे' आला, डायरेक्टर पुन्हा मेबल, आणि चॅप्लिननं गुमान काम केलं. त्यामुळे तो मुलगा रुसला तर रुसू दे. दोन दिवस फोन करू नकोस.

ॲक्टिंगचं म्हणशील तर 'द एक्स्ट्रा गर्ल' बघ, १९२३ चा. त्यात ती स्टुडिओत एका सिंहाला दोरीनं ओढत नेते, कारण तिला वाटतं की सिंहाचं कातडं घातलेला कुत्राच आहे तो. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर आधीपासूनच प्रेक्षकाकडे बघून डोळे मोठे केले असते. ही काहीच करत नाही. आपली कामाच्या गडबडीत दोरी ओढतेय, मागे वळूनही धड बघत नाही, आणि हसू त्या न बघण्याचंच येतं. तू जे प्रत्येक पंचच्या आधी भुवई उडवतेस ना, ते बंद कर, मी मागेही सांगितलंय.

आता पैशाचं. १९१६ मध्ये तिच्या नावाची कंपनी निघाली, मेबल नॉर्मंड फीचर फिल्म कंपनी. पाटीवर नाव तिचं, पण सूत्रं सेनेटकडे. तिथे तिनं 'मिकी' केला, तो तयार होऊन पडून राहिला आणि लागला १९१८ मध्ये, तोवर ती गोल्डविन या दुसऱ्या सिनेमा कंपनीकडे निघूनसुद्धा गेली होती. आणि सिनेमा तुफान चालला! म्हणून म्हणते, चॅनलला तुझं नाव देतो असं तो म्हणाला तर हुरळून जाऊ नकोस. लॉगिन कोणाच्या हातात, फुटेज कोणाकडे, तू सोडून गेलीस तर जुन्या व्हिडिओंचं काय, एवढं विचार.

पुढचं तू नेटवर शोधशीलच, आणि सापडेल ते नेमकं भानगडींबद्दल. १९२२ मध्ये डायरेक्टर विल्यम डेस्मंड टेलरचा खून झाला, त्या संध्याकाळी ही त्याला भेटून गेली होती, पोलिसांनी हिला सोडून दिलं, पेपरवाल्यांनी नाही सोडलं. खून आजपर्यंत उलगडलेला नाही. १९२४ च्या पहिल्याच दिवशी तिच्या ड्रायव्हरनं तिच्याच पिस्तुलानं एकाला गोळी घातली, मग काही ठिकाणी तिच्या सिनेमांवर बंदी. क्षयानं १९३० मध्ये गेली, सदतीस वर्षांची. लोक तिची गोष्ट इथूनच सुरू करतात याचा मला राग येतो. तू आधी सिनेमे बघ, बरेचसे हरवलेत, जे राहिलेत त्यातले काही यूट्यूबवर फुकट आहेत.

आणि तुझ्या जुन्या स्केचेसची ओरिजिनल फुटेज आजच दुसऱ्या हार्डडिस्कवर टाक, स्क्रिप्ट स्वतःच्या मेलवर तारखेसकट पाठवून ठेव. त्यानं पाठवलेल्या ॲग्रीमेंटची सगळी पानं मला व्हॉट्सॲप कर, नुसतं शेवटचं सहीचं पान नको. आणि मी वाचेपर्यंत सही करू नकोस.

तुझी,
ताई